सोनाबाईंचा टाक

१५ नोव्हेंबर १९५४, सोमवार. चिंचवड

आज एका खोट्या कागदावर माझी सही मागितली. दिली नाही. पण महिन्यापूर्वी एक सही मी देऊन बसले आहे आणि हा कागद तिच्याच जोरावर उभा केला आहे. पुढे कोणी विचारले तर आठवणीवर विसंबायला नको, म्हणून ही वही. एरवी रोजनिशी हा रिकाम्या माणसांचा उद्योग आहे असे माझे मत आहे.

कागद आमच्या इतिहास मंडळाचा. मजकूर सेक्रेटरी आबासाहेबांचा, अक्षरही त्यांचेच. (पुढे नुसते ‘आ.’ लिहीन. पूर्ण नाव पुन्हापुन्हा लिहायची इच्छा नाही.) ‘चाकणच्या किल्ल्यानजीक विहीर खणताना बारा हात खोल सापडलेले ग्रीक नाणे. यावरून यवनांची वसाहत येथे होती हे निर्विवाद सिद्ध होते.’ खाली माझे नाव, बी.ए., निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सहीसाठी ठिपके.

विचारले, कोणाची विहीर? म्हणाले, ते नंतर बघू.

नाणे ऑक्टोबरात माझ्याकडे वाचायला दिले तेव्हा मंडळाच्या रजिस्टरात ताब्याबद्दल सही केली होती. त्या दिवशी ‘कोठे मिळाले’ हा रकाना कोरा होता. आज पाहिले, भरलेला आहे. शाई वेगळी. माझी सही त्याला लागून. पंचवीस वर्षे कोरी जागा सोडणाऱ्या मुलींना बाकावर उभे केले, आणि स्वतः कोऱ्या जागेशेजारी सही करून आले.

१६ नोव्हें., मंगळ.

नाण्याची नोंद.

तांब्याचे. राजा छाप रुपयापेक्षा मोठे, दुप्पट जाड. एका बाजूला दोन मुखवटे समोरासमोर, एक तरुण पुरुष, एक बाई. दोघांच्या डोक्यावर काही मुकुटासारखे. दुसऱ्या बाजूला खडकावर बसलेली बाई, तिच्या मस्तकी किल्ल्याच्या तटासारखा मुकुट. तिच्या वर एक लहान आकृती: खाली घोडा, वर माणूस, हातात धनुष्य. दोन्हीकडे कडेने अक्षरे.

आले तेव्हा अक्षरांच्या खाचांत तांबडा चिकट मळ होता. तांब्याचा गंज समजून चिंचेच्या कोळाने धुतले, मग सुईने एकेक खाच कोरून काढली. दोन दुपारी गेल्या. आता अक्षरे स्वच्छ दिसतात.

अक्षरे ग्रीक आहेत हे मीच मंडळात सांगितले. कॉलेजात त्रिकोणमिती घेतलेल्या कोणालाही अल्फा, गॅमा, डेल्टा ओळखता येतात. भाषा येत नाही, अक्षरे येतात. एवढेच मी बोलले होते. आ. यांनी त्यातून वसाहत काढली.

पुरुषाच्या बाजूला सलग लागलेली: गॅमा, एक पुसट, ऱ्हो, डेल्टा, आयोटा, अल्फा, न्यू. ग-र्द-इ-आ-न. दुसऱ्या बाजूला शेवटी एक इंग्रजी सी सारखे अक्षर, पुढे आयोटा, न्यू, गॅमा, अल्फा, ऱ्हो, अल्फा. हा ‘सी’ माझ्या माहितीच्या ग्रीक अक्षरांत नाही. दुपारभर अडले. शिसपेन्सिलीने दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर घेतले. शनिवारी पुण्याला जाते.

१८ नोव्हें., गुरु.

आ. घरी आले. न विचारता खुर्चीवर बसले. नाणे दाखवा म्हणाले. तोंडात विडा. अंगठा जिभेला लावून नाण्यावर घासला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा थुंकी लावली. ते गेल्यावर नाणे साबणाने धुतले, नंतर खुर्चीचा हातही.

म्हणणे असे की घोड्यावरची आकृती म्हणजे खंडोबा. यवनसुद्धा इथे येऊन खंडोबाचे भक्त झाले, असा लेख छापायला गेला आहे. मी म्हटले, हा घोड्यावर बसलेला नाही, कमरेखाली स्वतःच घोडा आहे, नीट बघा. त्यावर हसून:

“बाईसाहेब, इतिहास म्हणजे तुमची भूमिती नव्हे. थोडी श्रद्धा लागते.”

५ डिसेंबरला मंडळाच्या इमारतीची पायाभरणी आहे. मुंबईहून पाहुणे. नाणे मखमलीवर ठेवून त्यांना दाखवायचे आहे. पिंपरीकडे रोज नवी चिमणी उभी राहते आहे, त्यात आपल्या गावांचे नाव पुसले जाऊ नये, ही आ. यांची तळमळ. तळमळ खरी असेल. थुंकीही खरीच होती.

२० नोव्हें., शनि.

पुणे. मिशनमधले म्हातारे जर्मन पाद्री ग्रीक शिकवतात. ठसे पुढे ठेवले. भिंग घेऊन पाच मिनिटांत वाचले. मला चार दिवस लागले होते. राग नाही आला, बरे वाटले. ज्याला येते त्याने झटपट करावे.

तो ‘सी’ म्हणजे सिग्मा. त्या काळी असा लिहीत. म्हणजे शब्द ‘सिंगारा’. शहराचे नाव. हल्ली सिंजार म्हणतात. इराकमध्ये, मोसूलच्या पश्चिमेला.

ग्रीकांचे राज्य नव्हे. रोमन लोकांचे. पूर्वेच्या प्रांतांत बोलभाषा ग्रीक म्हणून तिथल्या शहरांनी पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर अक्षरे ग्रीक. पुरुष म्हणजे बादशहा गॉर्डियन, या नावाचा तिसरा. बाई त्याची राणी, ट्रँक्विलिना. मागची बाई म्हणजे शहराची देवता. घोडा-माणूस म्हणजे आपल्याकडची धनू रास. शहराची रास तीच असावी, म्हणाले. पाद्रींनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून हुबेहूब असेच नाणे चित्रात दाखवले. शंका उरली नाही.

खंडोबा नाही, वसाहत नाही. यायला निघाले तेव्हा त्यांनी आपण होऊन विचारले, हे तुमच्याकडे आले कसे? रोमन सोने-चांदी व्यापारात हिंदुस्थानात पुष्कळ आली, ती जमिनीत सापडतात. पण एका आडवळणी शहराचे तांब्याचे नाणे त्या शहराबाहेर कोण घेणार? असे नाणे प्रवास करते ते कोणाच्या तरी खिशातून, आणि फार जुन्या काळी नव्हे.

त्यांनी हे सगळे इंग्रजीत लिहून सही करून दिले.

२२ नोव्हें., सोम.

आ. यांना पाद्रींचा अभिप्राय वाचून दाखवला. ऐकून घेतले. म्हणाले, छान, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांचे आहे हे नक्की झाले. बाकीचे गाळू.

विचारले, नाणे तुम्हाला आणून कोणी दिले? म्हणाले, एका सज्जनाने.

जेवण गेले नाही.

२४ नोव्हें., बुध.

दुपारी दारात एक बाई. पन्नाशीच्या आसपास, कपाळ मोकळे, पायांत काही नाही. कुरुळीहून चालत आली. नाव सोनाबाई. पाणी दिले तर उभ्यानेच प्यायली. म्हणाली, “मास्तरीणबाई तुमीच ना? माजा टाक तुमच्याकडं हाय म्हन्त्यात. सटीच्या आत द्या.”

मला कळेना. टाक कसला? माझ्याकडे कोणाच्या देव्हाऱ्यातले काही नाही, असे सांगितले, जरा तोडूनच. ती शांतपणे म्हणाली, “तांब्याचा. दोन मुखवट्यांचा. मागं खंडोबा.”

नाणे आणून तिच्या हातावर ठेवले. तिने पदर घेतला, कपाळाला लावले, आणि मग उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, “ह्येचं कुक्कू कुटं गेलं?”

तो तांबडा मळ. गंज नव्हता.

सगळे सांगून घेतले. नवरा पहिल्या महायुद्धात पलटणीत. लग्नात हिचे वय अकरा. त्यानंतर तो दोनदा घरी आला. मग बसऱ्याला गेला, तिकडेच वारला. सोबतचा गडी पेटी घेऊन आला, तीत हे निघाले. गड्याने निरोप सांगितला: बाजारात घेतले, म्हणाला ह्यो मी आन ही सोना. प्रेत आले नाही. असा माणूस गेला की घरात त्याचा टाक, म्हणजे मुखवटा उठवलेला धातूचा पत्रा, करून देवांत बसवायची यांची रीत. सासू म्हणाली, टाक त्यानेच धाडलाय, वेगळा कशाला करायचा? तेव्हापासून रोज पाणी, गंध. बायकोला टाकावर कुंकू वाहता येते, कपाळाला लावता येत नाही.

छत्तीस वर्षांचे कुंकू मी सुईने उकरून काढले आणि वर वहीत लिहिले, अक्षरे स्वच्छ दिसतात.

माझ्यापर्यंत कसे आले ते असे: दसऱ्यानंतर पुतण्या दत्तू म्हणाला, नानी, टाक काळा पडलाय, सोनाराकडून उजळून आणतो. सोनार वाटेतच राहिला. टाक थेट आ. यांच्या हातात.

तिने कमरेच्या पिशवीतून एक डबी काढली. आत घडीवर घडी घातलेला कागद, पलटणीचे इंग्रजी पत्र. गावात कोणाला वाचता आले नव्हते. मी वाचले. तापाने, लष्करी इस्पितळात, मोसूल येथे.

मोसूल. सगळे गाव छत्तीस वर्षे बसरा म्हणत आले.

नाणे तिच्या हातात होते. तिने न्यायला हवे होते आणि मी द्यायला हवे होते. पण ताब्याची सही माझी, रजिस्टर आ. यांच्याकडे. आज दिले आणि उद्या कोणी चोरी म्हणाले तर धरतील हिला. तसे सांगितले. सटीच्या, म्हणजे चंपाषष्ठीच्या, आत देईन म्हटले. तिने परत माझ्या हातावर ठेवले. तिचा माझ्यावर विश्वास बसला, हे फार वाईट झाले.

२५ नोव्हें., गुरु.

अंग ठीक. काही केले नाही. सुई फेकून दिली, पोरकटपणा.

२७ नोव्हें., शनि.

दत्तूला बोलावून घेतले. पिंपरीला नव्या औषधांच्या कारखान्यात जातो, शिफ्ट सुटल्यावर सायकलने आला. पंचविशीचा, अंगाला औषधी वास, मनगटावर नवे घड्याळ. पहिल्यांदा उडवाउडवी. सोनाबाई स्वतः येऊन गेली म्हटल्यावर मनगटावरचे घड्याळ फिरवायला लागला.

मग बोलला. हंगामी म्हणून आत जाऊन आठ महिने झाले, कायम करत नाहीत. आ. यांची वर ओळख. त्यांनी गप्पांत विचारले, तुमच्याकडे जुने काही आहे का. याने टाक दाखवला. शिफारशीची चिठ्ठी पाच तारखेनंतर मिळणार आहे.

मी म्हटले, लाज वाटत नाही? चुलतीच्या देव्हाऱ्यातून नवरा उचललास तिचा.

“बाई, त्यो नवरा न्हाई, त्यो पैसा हाय. तुमीच तसं वाचलं ना?” मग जरा खाली बघून, “नानीला मी चांदीचा करून देनार हाय. त्याच्यापरीस चांगला.”

त्याच्याकडे बघवत नव्हते. तरी एक नोंदते. मी वाचले नसते तर या नाण्याला कोणी विचारले नसते. ते काळे, कुंकवाने माखलेले असताना कोणाला नको होते.

२८ नोव्हें., रवि.

मंडळाची बैठक. सातजण हजर. मी उभी राहून सांगितले: नाणे जमिनीत सापडलेले नाही, कुरुळीच्या सोनाबाईंचे आहे, त्यांच्या नवऱ्याच्या पेटीतून आले, तो मोसूलला वारला, नाणे मोसूलजवळचे आहे. पलटणीचे पत्र आणि पाद्रींचा अभिप्राय एकमेकांशी जुळतात. नाणे परत जाईल.

सहाजण टेबलाकडे बघत बसले. चिवड्याच्या बश्या आल्या तेव्हा मात्र सगळ्यांचे हात चालू झाले. त्या बोटांकडे पाहून मला शिसारी आली. यातल्या दोघांच्या मुली माझ्या हाताखाली शिकल्या.

आ. गोड आवाजात बोलले. मामलेदार कचेरीत जमिनीतल्या ठेव्याची वर्दी गेल्याच आठवड्यात गेली आहे, रजिस्टराच्या नकलेसह. नाणे आता सरकारचे. सरकार ते मंडळाकडे ठेवायला देईल अशी आशा. “आणि त्या नकलेत सही आपलीच आहे, बाईसाहेब. खोटे म्हणायचे असेल तर स्वतःलाच म्हणावे लागेल.”

मी म्हटले, म्हणेन.

मग त्यांनी शेवटचे काढले. “म्हणा. पण मग त्या बाईलाही पुरते सांगा. टाकावर तिचा नवरा नाही, रोमचा बादशहा आहे. सांगाल? की तेवढे खोटे चालेल तुम्हाला?”

बश्या उचलायच्या आत मी निघून आले.

२९ नोव्हें., सोम.

विचार केला. सोनाबाईंना न सांगताही चालेल. शहराचे नाव पुरे आहे, मुखवटे कोणाचे याची कचेरीला गरज नाही. पण कचेरीला द्यायच्या जबानीत मी अर्धे लिहिले आणि उरलेले दत्तूने चावडीवर हसत सांगितले तर? तो सांगेल. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून बरे.

हे कारण खरे आहे की मला खोटे सहन होत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात जाऊन खरे ओतायचे आहे, हे ठरवता आले नाही.

३० नोव्हें., मंगळ.

कुरुळी. सकाळच्या एस.टी.ने नाशिक रस्त्यावर उतरून आत चालत गेले. सोनाबाई उद्याच्या सटीची वांगी निवडत होती. देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात, चार टाक मांडलेले, मधली जागा मोकळी. तिथे तिने एक सुपारी ठेवली होती.

नाणे हातावर दिले. लगेच बोलायला लागले, नाहीतर बोलले नसते. हा तरुण म्हणजे रोमचा बादशहा. फार जुना, चाकणचा किल्लासुद्धा नव्हता तेव्हाचा. ही त्याची राणी. मागे खंडोबा नाही.

वांगी निवडायची थांबली. मग विचारले, “कुटं व्हता ह्यो?”

पाद्रींकडून ऐकलेले सांगितले. तेराव्या वर्षी गादीवर बसला. इराणशी लढाईला त्याच मुलखात गेला. तिकडेच मेला. लढाईत की आपल्याच माणसांच्या हातून, नक्की नाही.

“वय?”

“एकोणीस.”

“आमचं बावीस.” मग, “आन ती?”

“ती मागे राहिली. तिचे पुढे काय झाले ते कोणी लिहिले नाही.”

“कोन लिव्हतंय,” सोनाबाई म्हणाली.

मला वाटले, पार पडले. मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली असेल. तेवढ्यात ती नाणे बोटाने चाचपत म्हणाली:

“बाई, लग्नात अंतरपाट व्हता, म्या खालीच बगत व्हते. त्यानंतर दोन बारीला आले, तवा बी सासूच्या म्होरं वर बगायची सोय न्हवती. त्येंचं तोंड मला ठावं हाय ते ह्येच्यावरनं. नाक असं, हनवट अशी. आता तुमी म्हन्ता ह्यो दुसराच. मंग त्येंचं कुटनं आनू?”

मी मुख्याध्यापिका होते. कोणत्याही प्रश्नाला तिसऱ्या सेकंदाला उत्तर देण्याची सवय. समोरचे एक वांगे उचलून मीही निवडू लागले.

नंतर विचारले तिने, उद्या सट आहे, हे देवांत ठेवू का नको, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. म्हटले, वस्तू तुमची आहे. हे काही उत्तर नव्हे, आणि ते तिलाही कळले.

निघताना तिने दोन वांगी माझ्या पिशवीत टाकली. नको म्हणायचे धैर्य झाले नाही. दारापासून वळून पाहिले तेव्हा नाणे तिच्या ओटीत होते, हात पुन्हा वांग्यांत.

१ डिसें., बुध.

चंपाषष्ठी. घरातल्या घरात. दिवसभर कुरुळीच्या कोनाड्यात काय आहे याखेरीज दुसरे सुचले नाही. आ. यांचा माणूस दोनदा येऊन गेला, नाणे मागायला. दुसऱ्यांदा दार उघडले नाही.

वांग्यांचे भरीत केले. चव लागली नाही.

३ डिसें., शुक्र.

मामलेदार कचेरीचा कारकून घरी आला. तरुण, सभ्य, चपला बाहेर काढल्या. आ. यांच्या वर्दीवरून चौकशी. माझी जबानी मी आधीच लिहून ठेवली होती. त्याने वाचली. ‘रजिस्टरातील माझी सही कोऱ्या रकान्याशेजारी केलेली असून तो माझा हलगर्जीपणा आहे’ या ओळीवर थांबला आणि म्हणाला, बाई, हे गाळले तरी चालेल. म्हटले, राहू दे.

पुढे काय, विचारले. साहेब ठरवतील. कुरुळीला माणूस जाईल, पंचनामा होईल, पुतण्याचीही जबानी घेतील. दत्तू काय बोलेल, सांगता येत नाही. परवा पायाभरणी आहे. मखमलीवर काय ठेवतात, मला बघायचे नाही.

आज कारकुनाच्या हाती दिले ते:

माझी जबानी, दोन पाने, सहीसह.
पाद्रींचा अभिप्राय, मूळ. नक्कल माझ्याकडे.
पलटणीच्या पत्राची माझ्या हातची नक्कल. मूळ सोनाबाईंच्या डबीत.
नाण्याचे शिसपेन्सिलीचे ठसे, दोन.
मंडळाच्या कपाटाची किल्ली आणि राजीनामा. हे कचेरीचे काम नव्हे, पण आ. यांना पोचवतो म्हणाला.

नाणे दिले नाही. त्याने विचारले, ते सध्या कुठे आहे? कुरुळीला, मालकिणीकडे, म्हणून सांगितले. देव्हाऱ्यात असते का? त्याला तसे लिहायचे होते, पुजेतली वस्तू म्हटले तर सोनाबाईंना बरे पडेल, असे त्याचे म्हणणे. मुलगा भला होता.

मला माहीत नाही, म्हटले.

त्याने तसेच लिहिले. पोच घेतली.